टोकामॅक पुन्हा सुरू करताना : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गांधीनगरजवळ भाट इथल्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत ‘आदित्य-यू’ आणि ‘एसएसटी-१’ हे दोन टोकामॅक आहेत. मागच्या अंकात आपण त्यांची ओळख करून घेतली. टोकामॅक म्हणजे मेदुवड्याच्या आकाराचं पोकळ पोलादी पात्र. त्यात हायड्रोजनचा प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा तप्त वायू, करायचा आणि चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर तो भिंतीपासून दूर धरायचा. दोन प्रयोगमालिकांच्या मधे हे पात्र उघडतात, दुरुस्त्या करतात, नवी उपकरणं बसवतात आणि यंत्र पुन्हा तयार करतात. बडोद्याहून आलेले बरेचसे प्रश्न या तयारीबद्दल आहेत. व्हॅक्यूम, वीज आणि सुरक्षा या तिन्ही बाजूंच्या जाणकारांनी त्यांची उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : ‘आदित्य-यू’मधला प्लाझ्मा एक सेकंदही टिकत नाही असं वाचलं. मग तयारीला आठवडेच्या आठवडे का जातात?
*— विज्ञान शाखेची विद्यार्थिनी, प्रतापगंज*

कारण प्लाझ्मा किती टिकेल हे बऱ्याच अंशी भिंत ठरवते, आणि उघडलेल्या यंत्राची भिंत पाण्याने माखलेली असते. हे पाणी डोळ्यांना दिसत नाही. हवा लागलेल्या पोलादावर पाण्याच्या रेणूंचे थर बसतात. एका थरात दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० चा १५ वा घात इतके रेणू असतात. ‘आदित्य’च्या आकाराच्या पात्राची आतली भिंत आठ-दहा चौरस मीटर धरली, तर एकाच थरात १० चा २० वा घात इतके रेणू झाले. प्लाझ्माची घनता दर घनमीटरला १० चा १९ वा घात आणि आकारमान सुमारे एक घनमीटर. म्हणजे भिंतीवरच्या पाण्याच्या एका थरात अख्ख्या प्लाझ्माच्या दहापट कण बसलेले असतात, आणि थर एकच नसतो.

शॉट, म्हणजे प्लाझ्मा पेटवायचा एकेक प्रयोग, सुरू झाला की कण भिंतीवर आदळून हे पाणी सुटतं आणि ऑक्सिजन प्लाझ्मात शिरतो. एक ते दहा लाख अंशांच्या टप्प्यात ऑक्सिजन आणि कार्बन ऊर्जा प्रकाशाच्या रूपात भराभरा बाहेर टाकतात. ऑक्सिजन काही टक्क्यांवर गेला तर प्लाझ्मा हा टप्पा ओलांडतच नाही, तिथेच विझतो. म्हणून तयारीचा मोठा वाटा पाणी काढण्यात आणि हवा बाहेर ठेवण्यात जातो.

एक व्यावहारिक गोष्ट. पात्र उघडताना आत हवा सोडत नाहीत, कोरडा नायट्रोजन सोडतात. भिंतीने पहिला घोट कोरड्या वायूचा घेतला तर पुढे पंप करायला लागणारा वेळ बराच कमी होतो. श्रावणातली हवा आणि पौषातली हवा यांत किती फरक असतो हे बडोदेकरांना सांगायला नको. शक्य असेल तेव्हा मोठी उघडझाप कोरड्या ऋतूत करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आम्हाला एसएस ३०४एल या स्टेनलेस पोलादाच्या एका पोर्टचं (पात्राला जोडायच्या तोंडाचं) काम मिळालं होतं. २०० मिलिमीटर व्यासाचा पाइप, दोन्ही टोकांना सीएफ फ्लॅंज (बोल्टने जोडायच्या कड्या). हायड्रो टेस्टला (पाण्याच्या दाबाच्या चाचणीला) १० बार दाब धरला, डाय पेनिट्रंटलाही (चिरा दाखवणाऱ्या रंगीत द्रवाच्या चाचणीलाही) वेल्ड साफ निघाले. तरी हीलियम टेस्टला माल नापास झाला. काय चुकलं असेल?
*— फॅब्रिकेशन वर्कशॉपचे मालक, मकरपुरा*

पहिली चूक चाचण्यांच्या क्रमात आहे. बारीक चिरेत पाणी किंवा पेनिट्रंट शिरलं की ते तिथेच अडकून बसतं आणि चीर तात्पुरती बुजते. पुढे पात्र तापवलं की तो द्रव उडून जातो आणि लीक उघडं पडतं. निर्वातासाठीच्या कामात हीलियम चाचणी आधी आणि कोरड्या मालावर करायची. दाबाची चाचणी करारात असेल तर ती नंतर, आणि तिच्यानंतर तापवून वाळवून पुन्हा हीलियम. आतल्या बाजूला पेनिट्रंट लावूच नका.

दुसरा संशय वेल्डवर. बॉयलरच्या कामाची सवय असलेला वेल्डर बाहेरून भरभक्कम वेल्ड मारतो आणि आतून थोडं टाचून घेतो. इथे उलट हवं. निर्वाताच्या बाजूने, म्हणजे आतून, अखंड टिग वेल्ड, जमेल तर एकाच पासमध्ये. मजबुतीसाठी बाहेरून वेल्ड लागलाच तर तो तुकड्या-तुकड्यांनी, मधे जागा सोडून. दोन्हीकडून अखंड वेल्ड मारला तर मधे हवेची सापट कोंडली जाते. आतल्या वेल्डला सूक्ष्म छिद्र असेल तर ही हवा महिनोन्‌महिने झिरपत राहते, आणि बाहेरून हीलियम मारून ती सापडत नाही, कारण बाहेरचा वेल्ड घट्ट असतो. आत वापरायच्या स्क्रूचंही तसंच. बंद तळाच्या आट्यात साधा स्क्रू घातला की खाली हवा कोंडते. मधून भोक पाडलेला स्क्रू वापरा, किंवा भोक आरपार काढा.

तिसरी आणि आमच्या मते सगळ्यात संभवनीय जागा म्हणजे फ्लॅंजची धार. सीएफ फ्लॅंजला गोल चाकूसारखी धार असते. ती तांब्याच्या गॅस्केटमध्ये रुतते आणि सील तयार होतं. फ्लॅंज हातात घ्या, टॉर्च तिरका धरा आणि नखाने नव्हे, नजरेने धार तपासा. धारेच्या दिशेने गोल फिरणाऱ्या बारीक रेषा चालतात, त्या लेथवर पडणारच. पण धार आडवी कापणारा केसाएवढा ओरखडा दिसला तर फ्लॅंज गेला. आतून बाहेर जायचा तो सरळ रस्ता आहे. असा ओरखडा बहुतेक वेळा फ्लॅंज टेबलावर उपडा ठेवल्याने नव्हे, तर एमरी पेपर हाताने आडवा फिरवल्याने पडतो. लेथवरून उतरल्यापासून धारेवर प्लॅस्टिकची टोपी हवीच.

जोडतानाची पथ्यं : गॅस्केट एकदाच वापरायचं. बोल्ट समोरासमोर, थोडे-थोडे करत तीन-चार फेऱ्यांत आवळायचे. एम६ बोल्टला शेवटी सुमारे १० न्यूटन-मीटर टॉर्क. चांदीचा मुलामा दिलेले बोल्ट वापरा किंवा आट्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइड लावा, नाहीतर बेकिंगनंतर (पात्र तापवून वाळवल्यावर) स्टेनलेसचा बोल्ट स्टेनलेसच्या नटमध्ये चिकटून बसतो आणि कापावा लागतो. जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असलेलं काहीही आत चालत नाही, पितळही नाही. तापवल्यावर जस्ताची वाफ होऊन ती सगळ्या भिंतीवर बसते.

आणि कार्बन स्टीलवर वापरलेला ग्राइंडिंग व्हील किंवा तारेचा ब्रश या मालाला लावू नका. सगळं झाल्यावर डिटर्जंटने धुणं, गरम डीएम (क्षारमुक्त) पाण्याने खळबळणं, गरम हवेने वाळवणं, मग पावडर नसलेल्या नायट्राइल हातमोज्यांनी हाताळून स्वच्छ अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये बांधणं. बोटाचा एक ठसासुद्धा तेलाचा साठा असतो.

प्रश्न : आम्ही गॅसच्या लाइनचं लीक साबणाच्या फेसाने काढायचो. इतक्या बारीक लीकचा पत्ता कसा लावतात?
*— निवृत्त पाइप फिटर, मांजलपूर*

आधी बारीक म्हणजे किती ते पाहू. एका जोडाला मंजूर होणारं लीक साधारण १० चा उणे ९ वा घात मिलिबार-लिटर प्रति सेकंद इतकं असतं. म्हणजे एक घनसेंटिमीटर हवा आत जायला एकतीस-बत्तीस वर्षं. फेस इथे काहीच दाखवणार नाही.

लीक शोधायच्या आधी लीक आहे का ते ठरवायचं. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब कसा चढतो ते वहीत मांडा. चढण सरळ रेषेत, तासन्‌तास तशीच राहिली तर लीक. सुरुवातीला भराभर चढून मग वाकली तर भिंतीतून सुटणारं पाणी. समजा पात्र २००० लिटरचं आहे आणि २०० सेकंदांत दाब १० चा उणे ६ वा घात मिलिबारने वाढला. २००० गुणिले तो दाब, भागिले २००. उत्तर येतं १० चा उणे ५ वा घात मिलिबार-लिटर प्रति सेकंद. एवढं लीक असेल तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

मग आरजीए, म्हणजे आतल्या वायूंचं रेणूंच्या वजनानुसार पृथक्करण करणारं उपकरण. १८ वर उंच शिखर दिसलं तर पाणी. २८ उंच आणि सोबत ३२, १४ आणि ४० दिसले तर हवा. फक्त ३२ वर भरवसा ठेवू नका. तप्त फिलामेंट आणि ताजी भिंत ऑक्सिजन खाऊन टाकतात. ४० वरचा अरगॉन मात्र कोणाशी संयोग पावत नाही, त्यामुळे तो हवेची पक्की खूण आहे.

आता शोध. लीक डिटेक्टर वजन ४ वर, म्हणजे हीलियमवर लावतात, आणि बाहेरून एकेका जोडावर हीलियमची बारीक धार सोडतात. हीलियम हलका, वर जातो. म्हणून सुरुवात वरच्या पोर्टपासून करून खाली यायचं. खालून सुरुवात केली तर वर चढलेला हीलियम वरच्या लीकमधून शिरतो आणि दोष खालच्या जोडावर येतो.

इथे सर्वांत जास्त होणारी चूक घाईची आहे. संकेत यायला लागणारा वेळ म्हणजे पात्राचं आकारमान भागिले पंपाचा वेग. २००० लिटरच्या पात्राला डिटेक्टर थेट जोडला आणि त्याचा स्वतःचा पंप सेकंदाला १० लिटरचा असला, तर २०० सेकंद. फिटर तेवढ्या वेळात पाच जोड पुढे गेलेला असतो आणि निर्दोष फ्लॅंजवर लाल खूण करतो. उपाय साधा : मोठा टर्बो पंप चालू ठेवायचा आणि डिटेक्टर त्याच्या मागच्या नळीला जोडायचा. सेकंदाला १००० लिटर ओढणारा पंप असेल तर उत्तर दोन सेकंदांत येतं. संशयित फ्लॅंजभोवती प्लॅस्टिकची पिशवी बांधून आत हीलियम भरायचा, आणि शेजारचे जोड नायट्रोजनच्या झोताने झाकायचे.

व्हायटन या रबराच्या ओ-रिंगबाबत (सील करणाऱ्या कड्यांबाबत) सावध राहा. हीलियम रबरातून हळूहळू पाझरतो. काही मिनिटांनी सावकाश चढणारा संकेत दिसला तर तो रबराचा. खरं लीक काही सेकंदांत चढतं आणि हीलियम बंद केला की तसंच उतरतं.

प्रश्न : पाणीच काढायचं तर पात्र एकदम कडक तापवून मोकळे का होत नाहीत?
*— शिक्षिका, रावपुरा*

कारण पात्राचे सगळे भाग सारख्या वेगाने तापत नाहीत आणि सारखे फुगत नाहीत. पाऊण मीटर त्रिज्येचं पोलादी कडं ३० वरून १५० अंशांवर नेलं की त्याचा घेर सुमारे नऊ मिलिमीटर वाढतो. त्याला चिकटलेल्या काचेच्या खिडक्या, सिरॅमिकचे विद्युत जोड आणि तांब्याचे गॅस्केट ही हालचाल सहन करतात, पण सावकाश केली तरच. म्हणून तासाला दहा अंशांच्या आसपास चढवतात, उतरवतानाही तितक्याच शांतपणे. खिडक्या चढतीत कमी आणि उतरतीत जास्त फुटतात, कारण सकाळ झाली की हीटर बंद करून आवरण लगेच काढायचा मोह होतो.

हीटिंग टेप गुंडाळल्यावर वर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे थर घालतात आणि थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) अवघड कोपऱ्यांत लावतात, सोयीच्या ठिकाणी नाही. एखादा पोर्ट थंड राहिला तर बाकी भिंतीचं पाणी तिथे जाऊन बसतं आणि पुढे आठवडाभर थोडं थोडं परत येत राहतं. व्हायटनची सील असलेल्या जागी १५० अंशांच्या वर जात नाहीत. ग्रॅफाइटच्या टाइल्सना मात्र जास्त उष्णता लागते, कारण ग्रॅफाइट सच्छिद्र, पाणी खोलवर धरून ठेवणारा. तिथे २०० ते ३५० अंशांपर्यंतही जातात. बेकिंग संपून पात्र थंड झालं की बोल्ट पुन्हा तपासायचे आणि लीक टेस्ट पुन्हा करायची.

प्रश्न : बेकिंगनंतर ‘ग्लो’ करतात म्हणजे काय? बोरॉनचा लेप कशासाठी?
*— भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, कारेलीबाग*

पात्रात १० चा उणे ३ रा घात मिलिबारच्या आसपास हायड्रोजन ठेवून आतल्या अ‍ॅनोडला चार-पाचशे व्होल्ट देतात. भिंत कॅथोड होते आणि तिच्यावर आयनांचा मारा बसतो. प्रवाह एक-दोन अँपिअर, वेळ रात्रभर. पेटवायला दाब थोडा जास्त लागतो, पेटल्यावर खाली आणायचा. हायड्रोजन भिंतीवरच्या ऑक्सिजनचं पाणी करतो आणि कार्बनचा मीथेन, आणि पंप ते ओढून घेतो. आरजीएवर १८ (पाणी) आणि १५ (मीथेन) ची शिखरं उतरून सपाट झाली की पुढे आणखी चार तास ग्लो करून फारसं काही हाती लागत नाही. शेवटी हीलियमचा ग्लो, कारण भिंतीत मुरलेला हायड्रोजन बाहेर काढला नाही तर शॉटमध्ये घनता हाताबाहेर जाते. ग्लोच्या वेळी खिडक्यांची झाकणं बंद, नाहीतर काचेवर धातूचा पापुद्रा चढतो आणि प्रकाश मोजणाऱ्या उपकरणांचं अंशांकन चुकतं.

बोरॉनचा लेप ऑक्सिजनला पकडून ठेवतो. काही यंत्रांत तो डायबोरेन वायूपासून करतात. हा वायू अतिविषारी, म्हणून हीलियममध्ये पातळ करून आणि गळतीचे अलार्म लावूनच. ‘आदित्य’वर लिथियमच्या लेपाचंही काम झालं आहे. लेप ही स्वच्छतेची जागा घेत नाही. घाणेरड्या भिंतीवर दिलेला लेप थोड्याच शॉटमध्ये भरून जातो.

प्रश्न : पुराचं पाणी शिरलेल्या मोटरी आम्ही वाळवून, मेगर करूनच (इन्सुलेशनचा रोध मोजूनच) चालू करतो. एवढ्या मोठ्या कॉइलचं काय करतात?
*— विद्युत कंत्राटदार, समा*

तत्त्व तेच. विश्वामित्रीच्या पुरानंतर तुम्ही एका मिनिटाचं आणि दहा मिनिटांचं रीडिंग घेऊन त्यांचं गुणोत्तर पाहत असाल, तसंच इथेही पाहतात. दोनच्या खाली आलं तर ओल आहे असं समजून थांबायचं. त्यासोबत प्रत्येक बोल्ट केलेल्या तांब्याच्या जोडाचा रोध मायक्रो-ओममध्ये मोजतात. ‘आदित्य-यू’ला २० टोरॉइडल (कड्याभोवती बसवलेल्या) कॉइल आहेत. एका जोडाचं रीडिंग भावंडांपेक्षा दुप्पट आलं तर तो उघडून, घासून, पुन्हा आवळायचा. हजारो अँपिअरला तोच जोड जळतो. थंड करणाऱ्या डीएम पाण्याची वाहकता आणि प्रत्येक फांदीतला प्रवाह वेगवेगळा तपासायचा, कारण एकूण प्रवाह बरोबर असूनही एखादी फांदी तुंबलेली असू शकते.

मोटरीत नसलेली एक भानगड इथे आहे. पुष्कळ टोकामॅकांत पात्राचं कडं एका-दोन जागी इन्सुलेशनने तोडलेलं असतं. मधला ट्रान्सफॉर्मर प्लाझ्मात प्रवाह ढकलतो, तो पात्रातूनच वाहून जाऊ नये म्हणून. या तोडीवर विसरलेला पाना, नव्या उपकरणाची अर्थिंगची वेणी किंवा केबलचं चिलखत टेकलं की कडं पूर्ण झालं. २० व्होल्ट आणि ५ मिलिओम धरले तर ४००० अँपिअर भलतीकडे गेले. म्हणून दुरुस्तीच्या काळात रोज संध्याकाळी, माणसं निघण्यापूर्वी, त्या तोडीचा रोध मोजायचा. आज बिघडला तर आजच काय जोडलं ते आठवतं. महिन्याने मोजला तर तीनशे केबली उचकटाव्या लागतात.

दिशाही तपासाव्या लागतात. प्लाझ्माची जागा सांगणाऱ्या छोट्या चुंबकीय कॉइलच्या दोन तारा उलट लागल्या तर नियंत्रण प्लाझ्माला मधे आणण्याऐवजी भिंतीकडे ढकलतं. पात्र उघडं असतानाच प्लाझ्माच्या जागी जाड केबलचा वेढा ठेवून त्यात ठरावीक प्रवाह सोडतात आणि प्रत्येक कॉइलचा संकेत, त्याचं चिन्ह आणि आकडा पडताळतात. पात्र बंद झाल्यावर ही संधी नाही.

प्रश्न : माझा मुलगा अशा कामावर ठेकेदाराकडे हेल्पर आहे. पात्राच्या आत शिरून पुसायचं काम असतं म्हणतो. धोका किती?
*— आई, दांडिया बाजार*

ताई, धोका खरा आहे, आणि तो टाळता येतो. मुलाला एक गोष्ट पक्की सांगा : नायट्रोजनला वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. शुद्ध नायट्रोजनमध्ये एक-दोन श्वासांत माणूस खाली पडतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तसाच पडतो.

म्हणून आत जाण्यापूर्वी नायट्रोजनची नळी नुसता व्हॉल्व्ह बंद करून नाही, तर सोडवून वेगळी केलेली हवी. पंख्याने ताजी हवा आत चालू हवी. ऑक्सिजन मीटरने वर, मधे आणि तळाशी मोजून लेखी परवाना हवा. हवेत २०.९ टक्के ऑक्सिजन असतो. १९.५ च्या खाली आत जायचं नाही. अंगावर मीटर, कमरेला पट्टा आणि पात्राच्या तोंडाशी एक माणूस सतत उभा, ज्याला दुसरं कसलंही काम दिलेलं नाही. कॉइलच्या वीजपुरवठ्याला कुलूप, आणि किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात. भिंतीवर लिथियमचा लेप असेल तर तो ओलाव्याने दाहक होतो, तेव्हा मास्क, चष्मा आणि पूर्ण अंगाचा सूट. यांतलं एकही नसेल तर ‘मी जात नाही’ म्हणायचा त्याला हक्क आहे.

प्रश्न : एसएसटी-१ची तयारी वेगळी असते का?
*— विद्यार्थी, फतेगंज*

वरचं सगळं करावं लागतं, शिवाय चुंबक थंड करणं. त्याच्या निओबियम-टायटेनियमच्या कॉइल ४.५ केल्व्हिनला, म्हणजे उणे २६८ अंशांच्याही खाली न्याव्या लागतात. कॉइलभोवतीच्या क्रायोस्टॅटचा, म्हणजे थंडी टिकवणाऱ्या आवरणाचा, निर्वात आधी सिद्ध झाला पाहिजे. तासाला एक केल्व्हिनच्या हिशेबाने उतरलं तर बारा दिवस लागतात. आकुंचनाचा बहुतेक भाग ८० केल्व्हिनपर्यंतच होऊन जातो, म्हणून लीक उघडं पडायचंच असेल तर त्या टप्प्यापर्यंत बरंच लक्ष ठेवतात. काही लीक मात्र थंडीतच उघडतात आणि गरम झाल्यावर बंद होतात. ते शोधणं सगळ्यात कठीण.

प्रश्न : यंत्र तयार झालं हे कशावरून ठरवतात?
*— वाचक, वाडी*

पात्रातला दाब १० चा उणे ८ वा घात मिलिबारच्या घरात, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दहा हजार कोटींश, आणि आरजीएवर हवेची खूण नाही. मग प्लाझ्माशिवायचे शॉट : एकेक कॉइल वेगळी, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण प्रवाहाने, नंतर सगळ्या एकत्र. दरवेळी हॉल रिकामा केल्याची खातरजमा, दार बंद, इंटरलॉक (दार उघडं असेल तर शॉट होऊ न देणारी व्यवस्था). हे सोपस्कार नव्हेत. प्लाझ्मा बिघडला तर वेगवान इलेक्ट्रॉन भिंतीवर आदळून कठोर क्ष-किरण निघतात.

शेवटी १० चा उणे ४ था घात मिलिबारच्या आसपास हायड्रोजन सोडून पहिला शॉट. वायू जास्त झाला तर ठिणगी पडूनही प्लाझ्मा तापत नाही, कमी झाला तर ते वेगवान इलेक्ट्रॉन वाढतात. हायड्रोजनच्या प्रकाशातली लाल रेषा उसळून खाली आली, व्होल्टेज पडलं आणि प्रवाह चढत राहिला, तर भिंतीने साथ दिली. लाल रेषा उंचच राहिली आणि ऑक्सिजनची रेषा तिच्यासोबत वाढली, तर त्या रात्री पुन्हा ग्लो. पहिल्या चांगल्या शॉटच्या नोंदीला त्या दिवशीचा आरजीएचा आलेख जोडून ठेवतात. पुढच्या उघडझापीनंतर भिंत कुठपर्यंत आली हे त्याच्याशीच ताडून पाहायचं असतं.